चित्र आपलं, किल्ली भाड्याची

आज एका हत्याराचा इतिहास पाहू. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नोल यांनी १९८७ साली संगणकाच्या पडद्यावर छायाचित्र दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. भाऊ जॉन यांच्या साथीनं तो वाढला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये ॲडोबी कंपनीनं तो 'फोटोशॉप' या नावानं बाजारात आणला. पुढची वीसेक वर्षं व्यवहार सरळ होता. एकदा विकत घ्या, हवा तितका वापरा. नवी आवृत्ती नको असेल तर जुनीवर भागवा.

मे २०१३ मध्ये कंपनीनं जाहीर केलं, की यापुढच्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर मिळतील. छायाचित्रकारांनी ओरड केली. त्यांच्यासाठी महिना सुमारे १० डॉलरची योजना निघाली, पण मूळ निर्णय काही फिरला नाही.

'मालकी गेली' असं लोक म्हणतात. आम्हाला ते पुरतं पटत नाही. पूर्वीही कायद्यानं हाती येत होता तो वापराचा परवानाच. मात्र त्या परवान्याला मुदत नव्हती, आता आहे. फरक एवढाच, पण तो लहान नाही. फाइल आपल्या संगणकावर राहते, वर्गणी थांबली की जिच्यात ती घडवली ते साधनच बंद होतं.

म्हणून आमचं सांगणं एवढंच, की वर्गणी जरूर भरा, पण प्रत्येक चित्राची एक प्रत टिफ किंवा जेपेगमध्ये काढून ठेवा. जेपेगमध्ये थर जातील, पण चित्र कुठंही उघडेल.