बोटीने आलेल्यांचे गाव

दरवर्षी महाराष्ट्रातून पाहुणे येतात आणि आपल्या मंडळाला आवर्जून भेट देतात. विमानतळावरून हॉटेल, हॉटेलवरून सेल्युलर जेल, तात्याराव सावरकरांच्या कोठडीपुढे नतमस्तक होणे, मग समुद्रस्नान आणि चौथ्या दिवशी परत, असा त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. त्यांच्या भावनेविषयी मला आदरच आहे. तरीही प्रत्येकाला मी सांगतो की, एकदा तरी बोटीने या. अंदमान-निकोबारची ही राजधानी, २०२४ साली पोर्ट ब्लेअरची श्री विजयपुरम झाली तरी, मुळात बोटीने आलेल्या माणसांचे गाव आहे.

मी १९८९ साली नोकरीनिमित्त आलो तो मद्रासहून बोटीनेच. अंतर सुमारे बाराशे किलोमीटर, प्रवास जवळजवळ तीन दिवसांचा. बंक क्लासमध्ये बिछान्याला बिछाना लागलेला. शेजारी तमिळ, बंगाली, तेलुगू कुटुंबे. दुसऱ्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांच्या डब्यातले खाऊ लागले आणि बोलू लागले ते हिंदीत. अंदमानची भाषा मी बोटीवरच शिकलो म्हणा ना!

या बंदराचे तोंड पूर्वेकडे, म्हणजे भारताच्या उलट दिशेला आहे. त्यामुळे मुख्य भूमीवरून येणाऱ्या बोटीला बेटांना वळसा घालून आत शिरावे लागते. शिरताना डावीकडे दिसते रॉस बेट, २०१८ पासूनचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. १९४१ च्या भूकंपापर्यंत इंग्रजांचा सारा कारभार येथून चाले. उजवीकडे नॉर्थ बेचे दीपगृह आणि त्यामागे माउंट हॅरिएटचा डोंगर. याच डोंगराच्या पायथ्याशी, होपटाउनच्या धक्क्यावर, ८ फेब्रुवारी १८७२ च्या संध्याकाळी शेर अली या कैद्याने व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला भोसकले. हिंदुस्थानचा सर्वोच्च सत्ताधीश परतीच्या नावेकडे चालला असता मारला गेला! शेर अलीला पुढे वायपर बेटावर फाशी दिली.

मग डाव्या हाताला उंचावर सेल्युलर जेल दिसतो. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाला तेव्हा सात शाखा होत्या. ४ जुलै १९११ रोजी तात्याराव येथे पोहोचले ते ‘महाराजा’ या आगबोटीने. शिक्षा पन्नास वर्षांची, सुटकेचे साल १९६०. थोरले बंधू बाबाराव त्यांच्याआधीच येथे आले होते.

बोट पुढे सरकते तशी चॅथम बेटाची लाकडाची गिरणी दिसते. आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ मध्ये पहिली वसाहत केली ती या चॅथमवर. रोगराईने माणसे मेली आणि १७९६ मध्ये अंदमानातून इंग्रजांनी काढता पाय घेतला. त्यानंतर १० मार्च १८५८ रोजी डॉ. वॉकर दोनशे कैद्यांना घेऊन आला. सत्तावनच्या बंडात पकडलेली ही माणसे. जंगल तोडणारे पहिले हात त्यांचे. त्यांच्यातल्या बहुतेकांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत आणि त्यांच्या कोठडीपुढे कोणी फूल वाहत नाही, कारण तेव्हा कोठडीच नव्हती. समुद्र हाच तुरुंग होता.

पुढे मलबारचे मोपला कैदी आले, ब्रह्मदेशातले करेन आले, रांचीकडचे मजूर आले. १९४९ पासून पूर्व बंगालच्या निर्वासितांना कलकत्त्याहून आणून येथे शेतजमिनी दिल्या गेल्या. ज्या काळ्या पाण्याला लोक भ्याले, तेच पाणी ओलांडून या घर गमावलेल्यांना घर मिळाले.

आणि ज्यांना कुठूनच यावे लागले नाही ते? हे बंदर ग्रेट अंदमानी लोकांचे होते. १८५९ मध्ये ॲबरडीन येथे ते धनुष्यबाण घेऊन इंग्रजांशी लढले; पण त्यांच्याजवळ राहिलेल्या दूधनाथ तिवारी या पळालेल्या कैद्यानेच इंग्रजांना आधी खबर दिली होती. काही हजारांचा हा समाज १९०१ च्या जनगणनेत ६२५ वर आला आणि आज पन्नासच्या आसपास उरला आहे. आलेल्या प्रत्येक बोटीची किंमत त्यांनी मोजली, हे आपण विसरता कामा नये.

विमानातून हिरवी बेटे सुंदर दिसतात, पण ही रांग दिसत नाही. आपण मराठी माणसे येथे एका कोठडीचे दर्शन घेण्यासाठी येतो, ते योग्यच आहे. मात्र त्या कोठडीच्या आधी आणि नंतर या धक्क्यावर उतरलेले सारे लोक आज आपले शेजारी आहेत. आपल्या आरतीला टाळ्या वाजवतात, प्रसाद घेतात.

आपल्या मंडळातही बोटीने आलेली पिढी आता थकत चालली आहे. कोणत्या बोटीने आलो, किती दिवस लागले, धक्क्यावर घ्यायला कोण आले होते, एवढे जरी प्रत्येकाने चार ओळींत लिहून कार्यकारिणीकडे दिले, तरी पुढच्या स्मरणिकेत या गावाच्या इतिहासाचे आपले पान तयार होईल. तेवढी विनंती करून थांबतो.

गणपती बाप्पा मोरया!