दहा हजार कार्डे आणि एक अव्यय

मनात शंका यावी आणि खिशातील यंत्राने तिचे तत्काळ निरसन करावे, ही आता घराघरांतील नित्याची गोष्ट झाली आहे. अशा काळी, ग्रंथातील शब्द यंत्राकरवी शोधण्याची वाट ज्यांनी पाडली त्या धर्मगुरूंची कथा आठवणे उद्बोधक ठरावे.

फादर रोबेर्तो बुसा हे इटलीतील येशूसंघीय. त्यांचा जन्म १९१३ सालचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणातील ‘सान्निध्य’ या संकल्पनेवर प्रबंध लिहीत होते. प्रथम त्यांनी उपलब्ध सूची चाळल्या आणि सान्निध्यवाचक लॅटिन शब्द धुंडाळले. ते सापडलेही. तिथेच थांबले असते, तरी प्रबंध पुरा झाला असता. परंतु मूळ ग्रंथ वाचता वाचता त्यांच्या ध्यानी आले, की संत थॉमस यांच्या विचारात या शब्दांना दुय्यम स्थान आहे. त्यांची सान्निध्याची कल्पना ‘इन’ या इवल्याशा अव्ययाशी निगडित आहे. आपल्या मराठीत ‘घरात’, ‘मनात’ या शब्दांतील ‘त’ हा प्रत्यय जे काम करतो, तेच काम या अव्ययाचे. असला क्षुल्लक शब्द कोणती विषयसूची नोंदवणार? तेव्हा बुसांनी ‘इन’ व त्याच्याशी संबंधित शब्द असलेली वाक्ये स्वहस्ते कार्डांवर उतरवली. ती कार्डे भरली दहा हजार!

या कष्टांतूनच पुढची जिज्ञासा जन्मली: संत थॉमस यांच्या प्रत्येक शब्दाची सूची का करू नये? हाताने हे होणे अशक्य होते. १९४९ साली बुसा न्यूयॉर्कला गेले आणि आय. बी. एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले. हे यंत्रांना जमणार नाही, असे आपल्याला प्रथम सांगण्यात आले, ही आठवण बुसा पुढे सांगत. अखेरीस कंपनीने साहाय्य दिले. गाल्लाराते येथे अनेक तरुणींनी वर्षानुवर्षे ग्रंथांतील शब्द छिद्रित कार्डांवर उतरवले. एक कोटीहून अधिक शब्दांची ही सूची, ‘इंडेक्स थॉमिस्टिकस’, १९७४ ते १९८० या काळात ५६ खंडांत छापली गेली. २००५ साली ती इंटरनेटवरही आली. बुसांच्याच हिशेबाने यंत्रे चालली दहा हजार तासांहून कमी; माणसांचे श्रम मात्र दहा लाख तासांहून अधिक झाले. संगणकाचा हेतू केवळ श्रम व वेळ वाचवणे हा नसून संशोधनाची खोली वाढवणे हा आहे, असे त्यांनी १९८० साली लिहून ठेवले.

२०११ साली बुसांचे निधन झाले. त्याच वर्षी ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील काही मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. माहिती संगणकात जतन होणार आहे असे ज्यांना वाटे, त्यांना ती कमी आठवे, असे त्यांत आढळले होते. तोवर शोधयंत्र निदान पानांची यादी तरी पुढे करी. ती उघडून वाचण्याचे, ताडून पाहण्याचे काम आपल्याकडे उरे. २०२२ सालाच्या अखेरीस चॅटजीपीटी अवतरले आणि सुबक, सलग उत्तरच हाती पडू लागले. पुढे शोधण्याची गरजच वाटेनाशी व्हावी, इतके ते पूर्ण भासते.

यंत्राला दोष देण्याचे कारण नाही. त्या यंत्रासाठी एका धर्मगुरूने आपली तीस वर्षे वेचली, हे विसरता येणार नाही. परंतु बुसांना यंत्र लाभले ते दहा हजार कार्डे लिहिल्यानंतर. काय विचारायचे, हे त्यांना तोवर उमगले होते. सूचीने दिलेले पहिले उत्तर खोटे नव्हते, उथळ होते; आणि ते उथळ आहे हे कळण्यासाठी मूळ ग्रंथच वाचावा लागला. आपल्या मुलांना झटपट उत्तर मिळाले म्हणून हळहळू नये. त्या उत्तरानंतर त्यांनी पुस्तक उघडले की नाही, एवढे मात्र पालकांनी अवश्य पाहावे.