वारा, समुद्र आणि सत्ता

पावसाळ्यांत होडी वर ओढावी आणि नारळी पौर्णिमेस ती पुन्हां पाण्यांत लोटावी, ही अंधेरीजवळच्या वेसाव्यांतील कोळ्यांची जुनी रीत. खारा वारा कोणता व मतलई कोणता, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नाहीं. परंतु आषाढांत त्यांच्या छपरांवर आदळणारा वारा दक्षिण गोलार्धांतून निघून, सोमालियाच्या किनाऱ्यास लगटून अरबी समुद्र ओलांडतो, हें किनाऱ्यावरून दिसणारें नव्हतें.

या वाऱ्यावर तारवें हांकण्याची विद्या मात्र दोन हजार वर्षांची आहे. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत भरसमुद्रांतील मार्गाचें श्रेय हिप्पालस नामक सुकाणूधाऱ्यास दिलें आहे. अरब व भारतीय खलाशांस तो आधींच ठाऊक असावा, ही गोष्ट निराळी! पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यांत अमेरिकन नौदलांतील मॉरी यानें जहाजांच्या रोजनिशा जमवून वाऱ्यांचे नकाशे काढले. पण असा नकाशा जहाजाच्या वाटेपुरताच खरा. ऐन पावसाळ्यांत सोमालियाच्या किनाऱ्याकडे शिडाचें जहाज कोण नेणार? वारा जेथें सर्वांत बलवान्, तेथेंच नोंदी विरळ.

ही उणीव उपग्रहांनीं भरून काढिली. उपग्रहास वारा दिसत नाहीं. वाऱ्यानें पाण्यावर उठविलेल्या बारीक लहरींवर तो रडारच्या लहरी सोडतो, व परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून वेग आणि दिशा ताडतो. १९७८ चा ‘सीसॅट’ साडेतीन महिन्यांतच बंद पडला. १९९९ चा ‘क्विकस्कॅट’ मात्र दहा वर्षें टिकला. त्याच्या नकाशांत एक नवल उमटलें. उष्ण प्रवाहांवरून जातांना वारा बळावतो, थंड पाण्यावर मंदावतो. उष्ण पाण्यावर हवा तापून उसळते आणि वरच्या थरांतील वेगवान् हवा खालीं येते; थंड पाण्यावर खालचा थर जड होऊन वरच्या हवेपासून तुटतो.

सोमालियापाशीं तर हें नाट्य अधिकच रंगतें. वाराच तेथें खोलांतलें थंड पाणी वर आणितो, आणि तेंच पाणी त्याचा लगाम खेंचतें. वारा ढकलणारा व समुद्र ढकलला जाणारा, हा आमच्या क्रमिक पुस्तकांतील धडा खोटा नव्हे, अर्धाच होता. अर्थात् तेवढ्यावरून बोरिवली-मुलुंडच्या पावसाचें भाकीत करणें उतावळेपणाचें होईल.

२००९ सालीं ‘ओशनसॅट-२’, २०१६ सालीं ‘स्कॅटसॅट-१’ आणि २०२२ सालीं ‘ओशनसॅट-३’ असे भारताचेही उपग्रह या कामासाठीं श्रीहरिकोट्याहून सुटले. ज्या समुद्राकडे पावसाळ्यांत शिडाचें गलबत फिरकत नसे, तेथील वाऱ्याची नोंद आतां आपल्याच दप्तरीं होऊं लागली.