खैरागडचा राजवाडा आणि छत्तीसगडचे अंगण

रायपूरच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा आणि तात्यापारा हे मोहल्ले शेजारी-शेजारी आहेत. पारा म्हणजे आळी. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर बसली आणि तिच्याबरोबर मराठी कुटुंबेही या मुलखात आली. 1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले. परंतु राज्यकारभाराची वाट पुढेही शंभर वर्षे नागपूरकडेच जात होती. ती 1 नोव्हेंबर 1956 रोजी तुटली. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छत्तीसगड भोपाळच्या मध्य प्रदेशात राहिले.

त्याआधी अवघे अठरा दिवस, 14 ऑक्टोबर रोजी, रायपूरच्या पश्चिमेस खैरागड या लहानशा संस्थानी गावी इंदिरा गांधी यांच्या हस्ते एका विद्यापीठाचे उद्घाटन झाले. राजे वीरेंद्र बहादूर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा संगीतासाठी देऊन टाकला होता. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हे त्या संस्थेचे नाव.

या घटनेमागे एका मराठी माणसाची तपश्चर्या होती. घराण्यांची विद्या गुरूच्या कंठातून निवडक शिष्याच्या कंठात जाई. ज्याला गुरू लाभला नाही, त्याच्यासाठी दार बंदच राही. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी शेकडो चिजा मिळवून त्या स्वरलिपीत बांधल्या आणि आपली क्रमिक पुस्तके मराठीत लिहिली. 1916 साली बडोद्यास त्यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. 1926 साली लखनौचे संगीत महाविद्यालय निघाले. त्यांचेच शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर हे लखनौचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळून पुढे खैरागडचे कुलगुरू झाले. अशा रीतीने कारभाराची मराठी वाट बंद झाली त्याच सुमारास विद्येची दुसरी वाट उघडली.

परंतु विद्यापीठाने शिकवावे ते संगीत कोणते, हा प्रश्न उरतोच. राजवाड्याच्या भिंतीबाहेर, गावच्या मोकळ्या अंगणात रात्रभर नाचा रंगत असे. त्यातील नटांना स्वरलिपी ठाऊक नव्हती. पण ताल, गाणे आणि विनोद यांची त्यांची जाण कोणत्याही पदवीधराला हेवा वाटावा अशी होती. राजनांदगावजवळच्या रवेली गावचे दाऊ मंदराजी यांनी या कलेस संघटित मंडळीचे रूप दिले. रायपुरातच 1923 साली जन्मलेले हबीब तनवीर विलायतेत नाट्यशिक्षण घेऊन आले, आणि अखेर शिकावयास बसले ते याच नटांपाशी. 1973 साली त्यांनी रायपुरात नाच्याचे शिबिर भरविले. 1975 साली ‘चरणदास चोर’ रंगभूमीवर आले आणि 1982 साली एडिंबरोच्या नाट्यमहोत्सवात त्यास पारितोषिक मिळाले.

पुढे खैरागडच्या अभ्यासक्रमात लोकसंगीतालाही स्थान मिळाले. ते औदार्य नव्हते, तर ऋणाची कबुली होती. भातखंड्यांनी तरी वेगळे काय केले होते? चिजा गोळा करण्यासाठी ते स्वतः गवयांच्या दारी गेले होते. राजवाडा विद्यार्थ्यांसाठी खुला झाला, हे मोठेच कार्य होय. परंतु विद्यापीठाने अंगणात जाऊन बसल्यावाचून ते पुरे होत नाही.