हायपेक म्हणजे काय? लिव्हर-स्वादुपिंडाची सर्जरी आणि गरम केमो एकाच वेळी कधी करतात?

घरात कुणाचा पोटातला कॅन्सर पसरला की फोनवर शोधताना 'हायपेक' हा शब्द लगेच समोर येतो. लिव्हर, स्वादुपिंडाच्या सर्जरीसोबत तो एकाच वेळी करता येतो, असंही वाचायला मिळतं. नेमकं प्रकरण काय आहे, सोप्या भाषेत बघूया.

हायपेक कसं काम करतं?

पोटातल्या अवयवांवर पेरिटोनियम नावाचं पातळ अस्तर असतं. मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या किंवा अपेंडिक्सच्या कॅन्सरच्या पेशी त्यावर पसरू शकतात. शिरेतून दिलेली केमो तिथे कमी पोहोचते. म्हणून सर्जन आधी डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्या गाठी काढतात. मग ४१ ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत गरम केलेलं औषध पंपाने पोटात ३० ते ९० मिनिटं फिरवून काढून घेतात. हे औषध काही मिलिमीटरच आत शिरतं. म्हणजे मोठी गाठ मागे राहिली, तर नुसत्या 'गरम केमो'ने ती जात नाही.

लिव्हर आणि स्वादुपिंड का?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर रक्तातून लिव्हरमध्येही जातो. तिथे मोजक्याच गाठी असतील, तर निवडक पेशंटमध्ये त्या त्याच ऑपरेशनमध्ये काढतात. लिव्हर पुन्हा वाढतं, पण आधी बरीच केमो झाली असेल तर जास्त भाग शिल्लक ठेवावा लागतो.

स्वादुपिंडाचं शेपटीकडचं टोक प्लीहेला लागून असतं. तिथे गाठी चिकटल्या असतील तर दोन्ही काढावे लागतात. मात्र स्वादुपिंडाचाच कॅन्सर पोटभर पसरला असेल, तर हायपेक हा नेहमीचा उपचार नाही.

रिस्क किती?

रिस्क इथे एकावर एक चढते. लिव्हर कापल्यावर रक्तस्राव होऊ शकतो, पित्त गळू शकतं. स्वादुपिंडातून पाचक रस गळू शकतो, म्हणून ड्रेनच्या पाण्यातलं अमायलेज तपासतात. त्यात केमोमुळे रक्तपेशीही कमी होऊ शकतात.

फायदा होतो का?

कॅन्सर कुठला, यावर ठरतं. अंडाशयाच्या कॅन्सरवर नेदरलँड्समध्ये झालेल्या चाचणीत (२०१८) हायपेक घेतलेल्या पेशंटचं आयुष्य वाढलं. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या फ्रान्समधल्या 'प्रॉडिज ७' चाचणीत (२०२१) २६५ पेशंट होते. नुसती सर्जरी आणि सर्जरी अधिक हायपेक, दोन्ही गटांत निम्मे पेशंट सुमारे ४१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. म्हणजे तिथे खरं काम चांगल्या सर्जरीने केलं.

डॉक्टरांना काय विचाराल?

- पीसीआय स्कोअर किती? (पोटाचे १३ भाग, प्रत्येकी ० ते ३, एकूण ३९. जास्त स्कोअर म्हणजे जास्त पसरलेला.)
- दिसणाऱ्या सगळ्या गाठी निघतील का?
- लिव्हर किती उरेल?
- सगळं एकदम करण्यापेक्षा दोन टप्प्यांत केलं तर?
- तुमच्याकडे अशी एकत्र ऑपरेशनं किती झाली?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल, तर हायपेकसाठी होकार देण्याआधी दुसऱ्या कॅन्सर सर्जनचं मत नक्की घ्या.