आमच्या शेताचे फसली साल

दादांचा जन्म तेराशे तेहतीसचा, असे दादी सांगायची. लहानपणी ऐकून वाटायचे, आपले दादा सहाशे वर्षांचे आहेत की काय! पुढे कळले की हे फसली साल. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज फसली सनाने चाले. त्यात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे दादा १९२३-२४ सालचे. 'फसल' म्हणजे हंगाम, पीक. वर्षाला नावच पिकावरून पडलेले होते.

आमचे गाव औसा तालुक्यातले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यात होतो. अकरा एकर काळी जमीन, एक विहीर, दोन बैल आणि एक म्हातारी म्हैस, एवढाच आमचा कारभार. खरिपाला तूर, मूग, उडीद. रब्बीला ज्वारी, हरभरा आणि करडई. सोयाबीन तेव्हा आमच्या शिवारात आले नव्हते.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जातेच. खरीप आणि रब्बी हे अरबी शब्द, मूळ अर्थ शरद आणि वसंत. जिरायत अरबी, बागायत फारसीतल्या 'बाग'वरून आलेले. शेताची 'मशागत' म्हणजे अरबीतली 'मशक्कत', कष्ट. मराठवाड्यातला शेतकरी स्वतःला 'कास्तकार' म्हणवतो, तो फारसी 'काश्तकार'. आता उलट बाजू पाहा. दादा घरात दखनी बोलत, पण शेतात उतरले की त्यांच्या तोंडी तिफण, चाडे, वखर, बांध, कडबा, खळे हेच शब्द. त्यांना उर्दू पर्याय त्यांनी कधी शोधले नाहीत, कारण गरजच पडली नाही. जून उजाडला की दादा आभाळाकडे बघून अब्बांना म्हणत, "मिरग लग्या, तिफन निकालो."

हा मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, इतिहासातही आहे. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या मराठी कागदांवर सुहूर सन असतो. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले असतात: इसन्ने, सलास, खमस. आणि वर्ष सुरू होते मृगाला. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. आकडे अरबी, नक्षत्र इथले, लिपी मोडी आणि कागद महसुलाचा! निजामाचे सरकारी फसली वर्ष ऑक्टोबरात आझुर महिन्याने सुरू होई, पण दादांचे वर्ष मिरगानेच सुरू व्हायचे.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळे गाव शेतात असे. शेजारच्या पाटलांच्या कोपीत आम्हा पोरांची पंगत बसायची. आंबिलाचे मडके, भज्जी, बाजरीचे उंडे. दादी घरून खीर करून न्यायची. पाटलांच्या घरच्या म्हातारीला आम्ही आजी म्हणत असू आणि ती दादीला "जाऊबाई" म्हणायची. हे नाते कुठून आले, ते मला बरेच उशिरा कळले.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्याआधी रझाकारांच्या जुलमाने हिंदू रयत होरपळली होती. पोलीस कारवाईनंतर सूडाची लाट आली आणि अनेक निरपराध मुसलमान कुटुंबे तिच्यात सापडली. पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले आहे. आमचे कुटुंब एका रात्री घर सोडून तालुक्याला नातलगांकडे गेले. सोबत एक लोखंडी पेटी आणि कडेवर माझी मोठी फुफ्फी. बैल दावणीलाच राहिले. रब्बीच्या पेरणीचे दिवस होते आणि काळ्या रानातला ओलावा कोणासाठी थांबत नाही.

दोन-अडीच महिन्यांनी दादा परतले, तेव्हा आमच्या शेतात ज्वारी कमरेला लागली होती. पाटलांनी आधी आमचे रान पेरले आणि मग स्वतःचे. त्यांचे शेवटचे दोन एकर वाफ गेल्यामुळे त्या वर्षी पडीक राहिले. बियाणे त्यांच्या पेवातले होते. दादा सुगीनंतर ते परत द्यायला गेले, तर पाटील म्हणाले, "भाई, बांध एकच आहे." दादी ही गोष्ट सांगताना साल नेमाने सांगायची: तेराशे अठ्ठावन्न.

२०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा निजामकाळातल्या कागदांसाठी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची एकदम गरज पडली. गावोगावचे लोक पेट्या उघडू लागले. त्याच सुमारास पाटलांचा नातू एक पिवळा पडलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. जमिनीचा जुना दस्त होता, १३४० फसलीचा, म्हणजे १९३०-३१ चा. त्याला हवी होती ती जातीची नोंद त्यात नव्हती. पण चतुःसीमा लिहिली होती, आणि पश्चिमेच्या बाजूला माझ्या पणजोबांचे नाव होते, पुढे 'काश्तकार'. मी ते दोनदा वाचून दाखवले. तो म्हणाला, "सर, मग आमचा कागद तुमचापण पुरावा झाला की!"

त्याच्या बोलण्यात थट्टा होती, पण मला ते लागले. "तुम्ही लोक इथले कधीपासून?" हा प्रश्न हल्ली माझ्या विद्यार्थ्यांच्या कानावर पडतो. त्यातल्या बहुतेकांच्या घरी आता शेत नाही. आमच्याही अकरा एकरांचे वाटण्या होत होत तुकडे झाले; अब्बांच्या वाट्याचे अडीच एकर उरलेत आणि ते बटईने दिले आहेत. मुलांना तिफण दाखवायची तर चित्र काढावे लागते.

म्हणून यंदा नववीच्या वर्गाला मी एक काम दिले आहे. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारायचे: आपले शेत कुठे होते, त्याच्या चारही बांधांना कोण होते, आणि ते सध्या कुठे आहेत? उत्तरे मराठीत लिहा किंवा उर्दूत, चालेल. आतापर्यंत सतरा वह्या आल्या आहेत. एकाही वहीत चारही बाजूंना एकाच धर्माची नावे नाहीत.