गुडाखूचे मडके

आपल्या घरात राहून आपले मूळ गाव साफ विसरलेले काही शब्द असतात, त्यांत तंबाखू हा शब्द अग्रभागी बसवायला हरकत नाही. बटाटा, काजू, अननस, पपई या मंडळींप्रमाणे हाही पोर्तुगिजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. पण शेतकऱ्याच्या चंचीत चुन्याच्या डबीला खेटून बसलेली तंबाखू पाहिली, म्हणजे हे अमेरिकेतले झाड आहे असे सांगणाऱ्याचाच संशय येतो. पंडितांनी तर तिला 'तमाखु' असे सोवळे नेसवून संस्कृतात घेतले, आणि कुणा रसिकाने ब्रह्मदेवाच्या चारही मुखांतून तिचे नाव वदवून तिला थेट सत्यलोकात नेऊन बसवले!

या तंबाखूचा एक जुना प्रकार आता आपल्याकडून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तो म्हणजे गुडाखू. गूळ आणि तंबाखू यांचा हा जोडशब्द. गुडगुडीत किंवा हुक्क्यात जी भरत ती नुसती पाने नसत; गुळात कुटून, मुरवून केलेला तो काळा, मऊ, ओलसर गोळा असे. इंग्लंड-अमेरिकेत काही छांदिष्ट लोक बंद पडलेल्या पाइपच्या तंबाखूची जुनी मिश्रणे घरच्या घरी पुन्हा जुळवण्याच्या खटाटोपात असतात. सिरियाकडची धुरावलेली लताकिया किती, लुइझियानातली मुरवलेली पेरिक किती, व्हर्जिनिया पान किती, याचा हिशेब ते सोनाराच्या चिकाटीने करतात. त्यांच्याविषयी वाचताना मला वाटले, आपल्या पूर्वजांचे मिश्रण म्हणजे हा गुडाखू. तो जुळवून पाहायला काय हरकत आहे? मी स्वतः तंबाखूला शिवत नाही. पण इतिहासाचा नाद असलेल्या माणसाला डोळ्यांनी वाचलेली वस्तू एकदा नाकानेही वाचावीशी वाटते.

तंबाखूच्या इतिहासातले सर्वांत रंगतदार पान आपल्या दक्षिणेतले आहे. अकबराने असदबेग नावाच्या आपल्या सरदाराला १६०३ च्या सुमारास विजापूरला धाडले. काम नाजूक होते. इब्राहिम आदिलशहाची मुलगी शाहजादा दानियालला द्यायची ठरली होती, तिला घेऊन यायचे होते. विजापुरात असदबेगाला तंबाखू दिसली. हिंदुस्थानात असली चीज पूर्वी पाहिली नव्हती, असे तो स्वतःच लिहून ठेवतो. परत जाताना त्याने थोडी तंबाखू बरोबर घेतली आणि बादशहासाठी एक नळी सिद्ध केली. अचिनहून आलेली तीन हात लांबीची नळी, तिच्या दोन्ही टोकांना रत्ने आणि मिन्याचे काम, ओठांशी धरायला येमेनी अकीक, आणि विस्तवासाठी सोन्याचे पात्र. आग्र्याच्या दरबारात हे तबक पुढे येताच बादशहाला कुतूहल वाटले. हकीम आडवा आला. ही वनस्पती आपल्या ग्रंथांत नाही, हिचा गुणदोष कुणी तपासलेला नाही, असे त्याचे म्हणणे. असदबेगाने वाद घातला की, जगात प्रत्येक गोष्ट कधी तरी नवीच असते. फिरंग्यांतही शहाणे लोक आहेत. अकबराने दोन-चार झुरके घेतले आणि तो विषय तेथेच सोडला. पण सरदारांनी मात्र असदबेगाकडे मागणी लावली, आणि थोड्याच दिवसांत व्यापारी ती विकू लागले.

या वादात माझे मत विचाराल तर हकीमच शहाणा होता. त्याला जे शास्त्राने सांगता आले नाही ते सिद्ध व्हायला पुढे साडेतीनशे वर्षे लागली, एवढेच. हुक्क्याचा शोध अकबराचा हकीम अबुल फतह गिलानी याने लावला, अशीही एक कथा पुष्कळ ठिकाणी सांगतात. मौज अशी की, हा हकीम १५८९ मध्येच वारला होता. असदबेग विजापूरहून तंबाखू घेऊन निघाला तेव्हा त्याला जाऊन चौदा-पंधरा वर्षे लोटली होती. तेव्हा हे श्रेय त्याला द्यायला माझे मन धजत नाही.

योगायोग पाहा. १६०४ मध्येच इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने तंबाखूवर तोंडसुख घेणारी एक पुस्तिका स्वतः लिहून छापली. १६१७ मध्ये जहांगिराने तंबाखू ओढण्यास मनाई केली. राजे मनाई करीत राहिले आणि धूर पसरत राहिला. किती पसरला याची साक्ष आमच्याच मुलखात आहे. आमचे कुरुळी गाव खेड तालुक्यात, पुणे-नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे. आळंदी एका अंगाला, देहू दुसऱ्या. तुकोबांचे निर्याण १६४९ मधले मानतात. त्यांच्या गाथेत कलियुगातल्या भोंदू संतांची हजेरी घेणारा एक अभंग आहे, आणि त्यात त्या संतांच्या तोंडातली तंबाखूची नळीही सुटलेली नाही. म्हणजे विजापूरच्या दरबारातली ती रत्नजडित नवलाई जेमतेम पन्नास वर्षांच्या आत इंद्रायणीकाठच्या बुवांच्या तोंडी येऊन पोचली होती! आगगाडी नाही, छापखाना नाही, जाहिरात नाही. व्यसनाला वाट विचारावी लागत नाही, हेच खरे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत आणि मराठी साधनांतून तंबाखूचे असले उल्लेख वर्षानुवर्षे वेचले. ज्यांना या विषयाची गोडी लागेल त्यांनी त्यांचे लेख अवश्य पाहावेत.

पण एवढे सगळे वाचूनही माझ्या हाती काय आले? नळी कोणत्या लाकडाची, अकीक कुठला, कोणी नजर केली आणि कोणी मनाई केली. चिलमीत जी भरली ती कुणी कुटली, कशी मुरवली, गूळ किती घातला, याबद्दल चकार शब्द नाही. खानदानी 'खमिरा' तंबाखूत काय काय पडे याची यादी मिळते: चंदन, वाळा, जटामांसी, वेलदोडा, गुलाब, केवडा, आणि आंबवण्यासाठी बोरे, अननस, सफरचंदाचा मुरंबा. (हल्लीच्या शहरी हुक्कागृहांतून सफरचंदाच्या वासाची जी तंबाखू मिळे ती या खमिऱ्याचीच नात म्हणायची. महाराष्ट्रात २०१८ पासून ती गृहे कायद्याने बंद आहेत.) पण यादी म्हणजे कृती नव्हे. पुरणपोळीचे साहित्य लिहून घेतले म्हणून कुणाला पुरणपोळी येत नाही.

कृती सापडली ती घरातच. माझी आत्या आता नव्वदीला टेकली आहे. तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, नारळाच्या करवंटीची गुडगुडी होती. मी निपाणीहून पानांची एक जुडी मागवली तेव्हा आत्याने ती उलटसुलट करून पाहिली, एक पान चुरगळून नाकाशी नेले आणि म्हणाली, "ही इडीची हाय. चालंल. पर शिरा काढ आदी."

निपाणीचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तिथल्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी महामार्गावर ठाण मांडले होते, आणि ६ एप्रिलच्या पोलीस गोळीबारात शेतकरी मेले. त्या आंदोलनाचे पुढारी शरद जोशी हे आमच्याच शेजारचे, चाकणजवळच्या आंबेठाणचे. चाकणच्या कांद्यापासून निघालेली ती चळवळ तंबाखूपर्यंत गेली होती. असो.

शिरा काढल्या, पाने दोन उन्हे खडखडीत वाळवली आणि उखळात कुटली. गुळाचे माप विचारले तर आत्या हसली. "माप कशाचं? हाताला चिकटंना झालं, का बास." मी हट्टाने वजनकाटा आणला आणि तीन लहान मडकी केली. एकात तंबाखूच्या निम्मा गूळ, दुसऱ्यात समसमान, तिसऱ्यात दीडपट. दुसऱ्यात आत्याच्या सांगण्यावरून एक पिकलेले केळे कुस्करून घातले. चंदन-वाळ्याचे नाव काढताच ती म्हणाली, "आपल्या घरी काय नबाबी हुती व्हय?" तोंडावर फडके बांधून, चिखलाने लिंपून मडकी पडवीच्या कोपऱ्यात राखेत पुरून ठेवली.

सहा आठवड्यांनी उघडली. गुडगुडीत गुळाचे काम केवळ गोडीचे नसते, हे तेव्हा प्रत्यक्ष पाहिले. गूळ ओल धरून ठेवतो. त्यामुळे वरच्या निखाऱ्याने तंबाखू भडकत नाही, मंद भाजली जाते. निम्म्या गुळाची भुरूभुरू जळून गेली आणि सगळ्या घराला खोकला लावून गेली. दीडपट गुळाची नुसती फसफसली आणि विझली. समसमान केळ्याची मात्र सावकाश धुमसली, आणि अंगणात एक जड, गोडसर, किंचित आंबूस वास भरला, गुऱ्हाळाच्या चुलवणाशी ओल्या मातीत उभे राहिल्यासारखा. या मंद धुरामुळे आणि मधल्या पाण्यामुळे गुडगुडी निर्धोक, अशी जुन्या लोकांची समजूत असे. ती खोटी आहे. पाणी धूर थंड करते, स्वच्छ करीत नाही. आणि कोळशाचा विषारी वायू तर त्यातून सरळ पार होतो.

मी आत्याकडे पाहिले. ती उंबऱ्यात बसली होती. "हाच का वास?" मी विचारले.

"हाच," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ह्यो वास आला का अजून वाटतं, उठावं, इस्तू घालावा." सात-आठ वर्षांची असल्यापासून पहाटे आजोबांची चिलीम भरायचे काम तिचे. महिन्याचा गुडाखू कुटायचे काम आजीचे आणि तिचे. ठसक्याने डोळे लाल व्हायचे. ओढायची मात्र बायकांना बंदी. मी विचारले, मग तुम्हाला काय? तर म्हणाली, उखळात तळाला राहिलेला भुगा आणि काढलेल्या शिरा. त्या तव्यावर काळ्या होईतो भाजायच्या, बोटाने दाताला लावायच्या. म्हणजे मशेरी.

आजोबांची गुडगुडी गेली, विडी आली. आमच्याच रस्त्याने नाशिककडे जाताना लागणाऱ्या संगमनेर-सिन्नरमध्ये बायांच्या हातांनी विड्यांचे ढीग उभे राहिले. खिशात मावणाऱ्या विडीपुढे करवंटी, नळी, निखारा आणि चिलीम भरायला एक पोर, हा पसारा टिकणार कसा? पण तव्यावरची मशेरी गेली नाही. आत्याने ती साठ वर्षे लावली. नंतर तिच्या गालाची शस्त्रक्रिया झाली. डावा गाल आत ओढलेला आहे, आणि भाकरी दुधात कुस्करल्यावाचून तिला खाता येत नाही. असदबेगाच्या नळीवरचा अकीक चारशे वर्षांनंतरही आपल्याला ठाऊक आहे. उखळाशी बसलेल्या बायकांची नोंद कुणाच्या बखरीत नाही; गुळाचे प्रमाण मात्र त्यांच्याच हाताला ठाऊक होते.

गुडाखू हा शब्द आमच्या गावात पुन्हा ऐकू आला तो वेगळ्याच वाटेने. कुरुळीच्या पुष्कळ शेतांत आता कारखाने आणि गुदामे उभी आहेत, आणि जुन्या वाड्यांमागे भाड्याच्या खोल्या. आमच्या खोल्यांत छत्तीसगडचा एक तरुण कामगार राहतो. मडके उघडल्याचा वास घेत तो अंगणात आला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "गुडाखू है क्या?" मला नवल वाटले. त्याने खिशातून एक लहान डबी काढून दाखवली. त्याच्या मुलखात आणि ओरिसात गुडाखू ओढत नाहीत, दाताला लावतात. तंबाखू आणि मळीचे काळे लुकण. दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून देशात बंदी आहे, पण डबीला ते कोण सांगणार! दिवसातून कितीदा लावतोस, असे विचारले तर त्याने बोटे मोजली आणि मध्येच हसून सोडून दिले.

आत्याला हिंदी येत नाही. तिने त्याला हाताने जवळ बोलावले, डबी मागून घेतली, उघडून वास घेतला. "गूळ न्हाई ह्यात, मळी हाय," ती मला म्हणाली. मग पदर बाजूला करून तिने आपला डावा गाल त्याच्यापुढे केला, त्याचे बोट धरून खोलगट जागेवर टेकवले आणि डबीकडे बोट दाखवले. पोरगा अवघडून उभा राहिला. "कब से, माँजी?" त्याने माझ्याकडे पाहत विचारले. मी सांगितले. रस्त्यावर कंपनीची बस येऊन भोंगा वाजवत होती. आत्याने डबी परत केली नव्हती. त्यानेही मागितली नाही, तो तसाच पळत गेला.

मडके अजून पडवीत आहे. पोरांचा हात पोचणार नाही अशा फळीवर आत्याने ते ठेवायला लावले आहे, आणि शेजारी ती डबी.